यंत्रमानवाच्या पाठीवरचा ठसा

माझे मामा बोटीवर नोकरीला होते. पावसाळा तोंडावर आला की ते रत्नागिरीस घरी यायचे, आणि त्यांच्या ट्रंकेतून काय निघेल याचा नेम नसायचा. १९८६ साली निघाला एक टेपरेकॉर्डर. निळ्या रंगाचा, मोठ्या माणसाच्या तळहातात मावेल न मावेल एवढा, पुढे पारदर्शक झाकण. मी तो कानाला लावला. काहीच ऐकू येईना. मामा हसले. त्यांनी दोन्ही बाजू ओढल्या, खालचा भाग उलगडला, कुठला तरी तुकडा फिरवला, आणि टेपरेकॉर्डरचा हातपायवाला यंत्रमानव होऊन उभा राहिला. आजी जपमाळ बाजूला ठेवून पुढे सरकली आणि म्हणाली, "अगोबाई, हा तर बहुरूपीच की!"

या खेळण्यांना जगभर ट्रान्सफॉर्मर म्हणतात. पण ट्रान्सफॉर्मर म्हटला की आपल्याकडे आधी डोळ्यांपुढे येतो तो विजेच्या खांबावरचा, पावसात जळणारा. म्हणून या लेखापुरता मी आजीचाच शब्द वापरणार आहे. बहुरूपी.

पुढे नोकरी लागली, हातात चार पैसे खेळू लागले, तेव्हा मला हे बहुरूपी जमवायचा नाद लागला. आज माझ्या कपाटात असे साठ-पासष्ट नग आहेत. घरी येणारा माणूस त्यांचे चेहरे पाहतो, दारे-चाके पाहतो. मी मात्र हातात घेतला की आधी उलटा करतो. पाठीवर किंवा पायाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ठसा असतो. तो वाचायला भिंग लागते, आणि वाचला तरी समजायला इतिहास लागतो. वाचकहो, आज तो इतिहासच तुम्हाला सांगायचा आहे.

ठशात काय असते? ताकारा हे जपानी कंपनीचे नाव असते, देशाचे नाव असते आणि पुष्कळदा एक सोडून दोन सालेही असतात. काहींवर १९७४ आणि १९८३, काहींवर १९८० आणि पुढचे एखादे. आता तुम्ही म्हणाल, १९७४ म्हणजे हा नग पन्नास वर्षांचा झाला! विकणारेही तसेच सांगतात आणि नवखा गिऱ्हाईक त्याला भुलतो. मीही एकदा भुललो होतो. ते साल त्या नगाच्या जन्माचे नसते, ते त्याच्या कुळाचे असते. कुळ कोणते, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

१९४५ चा डिसेंबर. जपान शरण येऊन चार महिने झाले होते. शहरे जळलेली, पोटाला अन्न नाही, आणि रस्त्यावरून अमेरिकन शिपायांच्या जीपगाड्या धावत होत्या. ओत्सु गावच्या कोसुगे मात्सुझो या खेळणी बनवणाऱ्या कारागिराने त्या जीपकडे निरखून पाहिले. अमेरिकन छावणीतून फेकून दिलेले अन्नाचे डबे त्याने गोळा केले, धुतले, कापून सपाट केले आणि त्या पत्र्याची वीतभरही नसलेली जीप बनवली. क्योतोच्या मारुबुत्सु या मोठ्या दुकानात ती दहा येनला विकायला ठेवली, तर लोकांची झुंबड उडाली. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. जेत्याच्या डब्याचा पत्रा, जेत्याचीच गाडी, आणि खेळणारे मूल जिंकल्या गेलेल्याचे! पुढे जपानची खेळणी परदेशी जाऊ लागली तेव्हा त्यांच्यावर 'व्यापलेल्या जपानात बनवलेले' असा ठसा असे. १९५२ साली परकी अंमल संपला, तसा तो ठसाही गेला. आज संग्राहक त्याच ठशासाठी जास्त पैसे मोजतात. काळ कशाची किंमत कशी ठरवील, सांगता येत नाही.

पत्रा गेला आणि प्लॅस्टिक आले. १९५५ साली सातो यासुता यांनी एक लहानसा कारखाना काढला, त्याचीच पुढे ताकारा कंपनी झाली. १९६७ मध्ये त्यांनी काढलेली रिका नावाची बाहुली जपानी मुलींत अतिशय लाडकी ठरली. ही झाली मुलींची सोय. मुलांसाठी काय? तेव्हा अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीचा जी. आय. जो नावाचा फूटभर उंचीचा शिपाई १९६४ पासून विकला जात होता. मुलगे 'बाहुली' म्हटले की नाक मुरडतात, म्हणून अमेरिकन लोकांनी त्याला 'अॅक्शन फिगर' असे भारदस्त नाव दिले होते. बाहुलीच ती, पण नाव बदलले की मिशा फुटतात! ताकाराने हा शिपाई जपानात आणला. पण लष्करी गणवेशापेक्षा तिथल्या मुलांना दूरचित्रवाणीवरचे, रूप पालटून राक्षसांशी लढणारे वीर जास्त प्रिय होते. मग १९७२ मध्ये ताकाराने शिपायाचेच अंग घेतले, ते पारदर्शक प्लॅस्टिकचे केले, आत यंत्रे दिसतील अशी योजना केली आणि त्याचे नाव ठेवले 'हेन्शिन सायबोर्ग'. हेन्शिन म्हणजे रूपांतर.

पुढच्याच वर्षी तेलाचा भडका उडाला. प्लॅस्टिक तेलापासूनच होते, तेव्हा फूटभर बाहुला परवडेना. १९७४ साली तोच बाहुला चार इंचांचा होऊन आला. त्याचे नाव मायक्रोमॅन. हेच ते ठशातले १९७४! मामांच्या टेपरेकॉर्डरचे मूळ इथे आहे.

मायक्रोमॅनची कथा अशी की हे परग्रहावरचे लोक मुळातच चार इंचांचे असतात आणि आपल्या घरात, आपल्या वस्तूंमध्ये लपून राहतात. म्हणून १९८३ मध्ये ताकाराने 'मायक्रो चेंज' नावाने जे बहुरूपी काढले, ते सगळे रोजच्या वापरातल्या वस्तूंचे होते. टेपरेकॉर्डर, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक, पिस्तूल, आणि तेही जवळजवळ खऱ्या वस्तूच्या मापाचे. दुसरीकडे १९८० पासून ताकाराचे 'डायाक्लोन' नावाचे वेगळेच कुळ चालू होते. त्यात यंत्रमानव अजस्र, आणि आत बसून त्याला चालवणारा माणूस बोटाच्या पेराएवढा, पायांत लोहचुंबक असलेला. १९८२ पासून या कुळात मोटारीचे यंत्रमानव होऊ लागले. निस्सान फेअरलेडी, लॅम्बोर्गिनी, लान्सिया, सगळ्या खऱ्याखुऱ्या गाड्या, दारे उघडणाऱ्या, रबरी टायरांच्या.

एवढ्यावर जपानात हे काम एकट्या ताकाराचेच होते असे मात्र समजू नका. बंदाईच्या पोपी या शाखेने १९७४ मध्ये माझिंगर झेड हा जड मिश्रधातूचा यंत्रमानव काढला, १९७५ मध्ये पक्ष्याचे रूप घेणारा रायदीन, आणि १९७६ मध्ये पाच वाहने जोडून होणारा काँबॅटलर. आणि माझे प्रामाणिक मत विचारलेत तर कारागिरीत सर्वांवर ताण म्हणजे १९८२ चे ताकातोकु कंपनीचे वाल्किरी विमान. शोजी कावामोरी यांनी रेखाटलेले. पाय खाली काढले की अर्धे विमान अर्धा माणूस, आणखी दुमडले की पुरा माणूस. तिन्ही रूपे डौलदार. नाही तर बहुतेक बहुरूप्यांचे असे असते की गाडी सुबक असली तर माणूस बेढब, आणि माणूस देखणा असला तर गाडीच्या खाली हात लोंबत राहिलेले. वाल्किरी बनवणारी ती कंपनी १९८४ मध्येच बुडाली, हे वाचून मला खरोखर वाईट वाटले होते.

आता अमेरिकेकडे वळू. १९८३ च्या तोक्योच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात हॅस्ब्रोच्या माणसांनी ताकाराची ही दोन कुळे पाहिली. ताकाराने स्वतः डायाक्लोनच्या काही गाड्या अमेरिकेत वेगळ्या नावाने विकायचा प्रयत्न केला होता, तो बेताचाच चालला होता. हॅस्ब्रोने दोन्ही कुळे उचलली आणि एकाच नावाखाली, एकाच पेटाऱ्यात घातली. एक प्रकारे ही घरचीच देवाणघेवाण होती. हॅस्ब्रोचा शिपाई जपानात गेला, पारदर्शक झाला, आखडला, वस्तूंत लपला आणि टेपरेकॉर्डर होऊन हॅस्ब्रोच्याच दारी परत आला.

तुम्ही कधी हे बहुरूपी एका रांगेत मांडून पाहिलेत तर एक गोष्ट खटकेल. पिस्तुलाचा यंत्रमानव आणि मालमोटारीचा यंत्रमानव उंचीने जवळजवळ सारखे! असे कसे? कारण तुम्हाला आता ठाऊक आहे. पिस्तूल आले मायक्रोमॅनच्या घरातून, जिथे वस्तू खऱ्या मापाच्या. मालमोटार आली डायाक्लोनकडून, जिथे माणूसच पेराएवढा. दोन घरांची भांडी एका मांडणीत ठेवल्यासारखे झाले. अमेरिकन कथाकारांना मग पिस्तूल होताना यंत्रमानव आकसतो, असे बिनदिक्कत गृहीत धरावे लागले.

कथा लिहायचे काम न्यूयॉर्कच्या मार्व्हल कॉमिक्सकडे गेले. संपादक जिम शूटर यांनी मूळ आराखडा केला. बहुतेक पात्रांची नावे आणि स्वभाव लिहिले बॉब बुडियान्स्की या तरुण संपादकाने, आणि तेही १९८३ च्या अखेरीस थोड्या दिवसांत, घाईघाईने. खलनायकाला त्याने मेगाट्रॉन असे नाव दिले, तेव्हा कंपनीला ते फार भीतिदायक वाटले. अणुबाँबच्या मेगाटनाची आठवण येते म्हणून. त्यावर त्याचे म्हणणे असे की खलनायकाने भीती घालायची नाही तर कुणी घालायची? नाव राहिले.

पण एक मोठाच बदल झाला, आणि तो मला सगळ्यात अर्थपूर्ण वाटतो. जपानी कथेत हे यंत्रमानव म्हणजे नुसती वाहने होती, आत माणूस बसणार, तो चालवणार. अमेरिकेत ते जिवंत झाले. त्यांना नाव मिळाले, राग-लोभ मिळाले. साचे मात्र तेच राहिले. त्यामुळे झाले काय, की गाडी उघडली तर आत एका रिकाम्या खुर्चीची जागा दिसते. आयर्नहाइड नावाचा लाल गाडीवाला घ्या. चित्रपटात त्याला चांगला भक्कम चेहरा आहे. खेळणे हातात घ्या, तर डोकेच नाही! समोरच्या काचेमागे खुर्ची आहे आणि तोंडाच्या जागी एक चिकटवलेला कागद. कारण मुळात तिथे चालक बसायचा, डोक्याची गरजच नव्हती. किती तरी मुले हे खेळणे घरी नेऊन हिरमुसली असतील. मी मात्र आयर्नहाइड हौसेने विकत घेतला आणि त्याच्या पुढच्या खुर्चीत एक चिंचोका बसवून ठेवला आहे.

१९८४ च्या सप्टेंबरात दूरचित्रवाणीवर मालिका सुरू झाली. त्याआधी अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमाआडून खेळण्याची जाहिरात करण्यावर सरकारची करडी नजर असे. ती याच काळात सैल झाली होती, आणि अर्ध्या तासाची गोष्ट म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात असा प्रकार सुरू झाला. याचा कडेलोट झाला १९८६ च्या ऑगस्टमध्ये. जुना माल काढून नव्या मालाला फळीवर जागा करायची होती. म्हणून चित्रपटात जुनी पात्रे धडाधड मारली, आणि त्यांत मुलांचा लाडका नायक ऑप्टिमस प्राइमही मारला. थिएटरात मुले रडू लागली. पालकांची पत्रे आली. व्यापाऱ्याच्या हिशेबात तो एक जुना नग होता, पण मुलांनी मात्र त्याला जिवंत मानले होते, आणि तसे मानायला त्यांना शिकवले होते व्यापाऱ्यानेच. १९८७ च्या सुरुवातीला नायकाला मुकाट्याने परत जिवंत करावे लागले.

आता पुन्हा त्या ठशाकडे येऊ, कारण त्यावरून कोर्टकचेरीही झाली आहे. त्या वेळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे आपल्या निर्मितीवर हक्काची खूण छापणे आवश्यक होते. जपानी कायदा खेळण्याला कलाकृती मानत नसे, म्हणून ताकाराने आपल्या देशात टॉपस्पिन आणि ट्विन ट्विस्ट हे दोन बहुरूपी विनाखुणेचे विकले. मागे ओढून सोडले की धावत जाऊन उडी मारून उभे राहणारे हे दोघे आहेत. मोठे मजेदार. ते बिनखुणेचे नग पाहून स्पार्कल टॉइज नावाच्या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याने आशियात बनलेल्या हुबेहूब नकला आणल्या आणि म्हटले, खूण नाही म्हणजे मालक नाही. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने निकाल दिला की राहिलेली खूण नंतर भरून काढायची सवलत कायद्यात आहे, सबब हक्क शाबूत आहे. हॅस्ब्रो जिंकली. खुणेची ही सक्ती पुढे १९८९ मध्ये अमेरिकेने सोडूनच दिली. पण त्या काळचे ठसे एवढे ठसठशीत का, याचे उत्तर या प्रकारच्या भांडणांत आहे.

नकला मात्र थांबल्या नाहीत. १९८५ पासून हॅस्ब्रोने खऱ्या मालावर एक काळा चौकोन चिकटवायला सुरुवात केली. अंगठ्याने घासून गरम केला की त्यातून यंत्रमानवाचा चेहरा उमटतो. खरा नग ओळखायची ती युक्ती होती. नकली नगात हा चौकोन बहुधा नसतो, असला तर उमटत नाही. आणि पाठीवर पाहाल तर जिथे ठसा हवा तिथे गुळगुळीत जागा दिसते. खऱ्या नगावरून साचा घेताना अक्षरे खरवडून टाकलेली.

जमवायचा नाद ज्यांना लागला असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. पांढरे प्लॅस्टिक उन्हात ठेवू नका, पिवळे पडते. पेटू नये म्हणून त्यात घातलेल्या रसायनांचा तो परिणाम. १९८० च्या दशकाच्या अखेरच्या काही सोनेरी चकाकीच्या प्लॅस्टिकला तर हात लावायचीही भीती वाटते, कारण त्यातली चमकीची भुकटी प्लॅस्टिकचा सांधा धरू देत नाही आणि बिजागरी फिरवताच बिस्किटासारखा तुकडा पडतो. माझा असा एक नग आहे, तो मी गेली बारा वर्षे रूप न पालटता ठेवला आहे. बहुरूप्याला एकाच रूपात कोंडून ठेवायचे, ही त्याची शिक्षा की माझी, कोण जाणे.

आपल्याकडे या कुळाची एक शाखा येऊन गेली, हे पुष्कळांना माहीत नसते. १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल कंपनी निघाली. गोव्यात कोरलीम इथे तिचा कारखाना आहे. या कंपनीने तोच जी. आय. जो, आता लहान मापाचा, भारतात विकला. त्याचे रंग अमेरिकन नगांहून वेगळे, कधी कधी अगदीच भलते, आणि म्हणूनच परदेशचे संग्राहक भारतीय नगांसाठी पत्रे पाठवतात. परदेशातून मागवणे मात्र आता सोपे राहिलेले नाही. २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात जकात वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाली, २०२३ मध्ये सत्तर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून विक्रीच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली. म्हणजे आणखी एक ठसा! आपल्या सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर कधी कारागिराचे नाव नसायचे, आणि ठकीच्या पाठीवर तर नुसते लाकडाचे पापुद्रे. या बहुरूप्यांच्या पाठीवर मात्र जागा पुरत नाही.

मामांचा टेपरेकॉर्डर मी खूप उशिरा उलटा करून पाहिला. लहानपणी तो इतका खेळलो होतो की पाठीकडे लक्षच गेले नव्हते. भिंग लावले. ताकाराचे नाव नव्हते. सालही नव्हते. ठशाच्या जागी गुळगुळीत चौकोन, आणि त्याखाली फक्त 'मेड इन तैवान'. खऱ्या बहुरूप्यांपैकीही काहींवर तैवानचे नाव असते, तेव्हा तेवढ्यावरून निकाल लागत नाही. पण बाकीचे पुरावे स्वच्छ होते. नग नकली होता.

मामा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. आमच्या घरात त्या खेळण्याला कायम 'मामांनी आणलेला जपानी' म्हणत, आणि पगारातले किती पैसे घालून त्यांनी तो आणला असेल हे मला आता कळत होते. सांगावे की नाही, दोन महिने ठरत नव्हते. शेवटी गणपतीत रत्नागिरीस गेलो, तेव्हा त्यांनी आपणहून विचारले, "तो माझा टेप आहे का रे तुझ्या कपाटात?"

"आहे."

"काय लिहिलंय मागं त्याच्या? तू म्हणे सगळ्यांच्या पाठी वाचत असतोस."

मी म्हटले, "मेड इन तैवान, मामा."

"मग बरोबर आहे," मामा म्हणाले. "बोट काओशुंगला लागली होती. धक्क्याच्या बाहेर एक म्हातारी गाडा लावायची, तिच्याकडून घेतला. जपानी कोण म्हणालं तुला? तुझी आजी सगळ्यालाच जपानी म्हणायची."